भरल्या पोटाचे उंदीर

आमच्या बाई उंदराला शेपटीने उचलू देत नसत. माणसांबाबत त्यांचा असा काही नियम नव्हता.

हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. मुलुंडला आग्रा रोडवर औषधांची एक कंपनी होती आणि तिच्या मागच्या अंगाला, बॉयलरला खेटून, उंदरांची बैठी इमारत होती. नुकताच बी.एस्सी. होऊन मी तिथे बाईंच्या हाताखाली चिकटलो होतो. कॉलेजात शिकवलं होतं तसा मी ऐटीत पिंजऱ्यात हात घातला, एक पांढरा उंदीर शेपटीला धरून वर काढला आणि बाईंसमोर नाचवला. मला भीती वाटत नाही हे दाखवायचं होतं. उंचीने बाई माझ्या खांद्याला लागत, म्हणून आधी त्यांनी एक स्टूल ओढलं. त्यावर चढल्या. मग मागून माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरली आणि वर खेचली. मी टाचा उचलून लटकल्यासारखा उभा.

"आता सांग, सतरा नव्वे किती?"

मला सांगता आलं नाही.

"बघ. आणि तू म्हणे ग्रॅज्युएट. मग त्या बिचाऱ्याने काय दिवे लावावेत?"

कॉलर सोडून त्या खाली उतरल्या, स्टूल जागच्या जागी ठेवलं आणि माझ्या हातात पुठ्ठ्याची एक नळी दिली. कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात, तसल्या नळीचा वीतभर तुकडा. ती पिंजऱ्यात धरायची, उंदीर आपल्या पायांनी आत चालत येईपर्यंत वाट बघायची, मग नळीसकट त्याला उचलायचं. उंदराच्या मनात नसेल तर उभं राहायचं. एकदा मी इतका वेळ उभा होतो की मुंग्या येऊन माझा पाय बधिर झाला. बाईंनी येऊन पाहिलं आणि उंदराला विचारलं, "काय रे, दमलास का?"

आमचं काम उंदरांची स्मरणशक्ती तपासण्याचं होतं. प्लायवुडचा एक मोठा थोरला खोका, त्यात गल्लीबोळ, त्यातले बरेचसे पुढे बंद. त्याला आम्ही मेझ म्हणायचो. एका तोंडाशी उंदीर सोडायचा आणि दुसऱ्या तोंडापर्यंतची वाट तो किती लवकर पाठ करतो ते बघायचं. मग एखादं औषध देऊन परत बघायचं. यात अडचण एकच, की उंदराने मुळात पळावं कशासाठी? त्याला ना प्रमोशन, ना बोनस. या प्रश्नावर शहाण्या लोकांनी सोपं उत्तर काढून ठेवलेलं होतं: त्याला उपाशी ठेवा आणि शेवटाला दाणे ठेवा. किंवा पायाखाली विजेचा झटका द्या. दोन्हींनी उंदीर झकास पळतो.

बाईंना दोन्ही मान्य नव्हतं. "उपाशी उंदीर शिकत नाही रे, तो फक्त शोधतो," असं त्या म्हणत. "आणि घाबरलेला तेही करत नाही. तो पळतो. पळणं आणि शिकणं यांतला फरक तुमच्या साहेबाला कळत नाही, म्हणून तो साहेब आहे."

हे सगळं त्या ज्या आवेशात बोलत त्यावरून आम्ही त्यांच्या पूर्वायुष्यात एखादं दुःख शोधत होतो. लहानपणी उपासमार झाली असेल, वडील गिरणीत होते, संप बघितले असतील, वगैरे. पिंजरे धुणारे आमचे परब हे भांडुपला राहणारे मालवणकडचे गृहस्थ. त्यांचं म्हणणं पडलं की बाईंना कुणीतरी जेवणाच्या ताटावरून उठवलं असणार. शेवटी मी एकदा धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "का म्हणजे? मी सोमवार करते ना! तू सोमवारी मला कधी काही अक्कलेचं बोलताना ऐकलंयस?"

ते मात्र खरं होतं. सोमवारी बाई दुपारपर्यंत परबांना माझ्या नावाने हाक मारत आणि मला परबांच्या. संशोधनाला पुरावा लागतो, तो त्या आठवड्यातून एकदा स्वतःच्या अंगावर गोळा करत होत्या.

उंदरांच्या सुखसोयींसाठी आमच्यावर जे निर्बंध होते ते तुरुंगातही नसतील. उंदरांना वास फार कळतो, म्हणून केसांना तेल नाही, अत्तर नाही, पावडर नाही. दारात उभ्या राहून बाई प्रत्येकाला हुंगत. माझ्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी सेंट लावून गेलो, तर त्यांनी मला नळाखाली उभं केलं. भावी सासऱ्यांनी दिलेला शर्ट. "लग्न तुझं आहे," बाई म्हणाल्या, "उंदरांनी काय घोडं मारलंय?" परबांच्या डब्यात बांगडा असला की त्यांना पार गेटवर वॉचमनच्या खोलीत जाऊन जेवावं लागे. परब जाताना पुटपुटत, "उंदरांक बांगडो चलता, तो बाईंकच नाय चलणा."

उंदीर दिवसा झोपतात आणि अंधारात जागतात. त्यांना दुपारी उठवून परीक्षेला बसवणं बाईंना अन्यायाचं वाटे. पण रात्री ड्यूटी करायला कंपनी ओव्हरटाइम देत नव्हती. तेव्हा बाईंनी दिवसच उलटा केला. खिडक्यांना काळे कागद लावले, रात्रभर ट्यूबलाइट चालू, आणि सकाळी आम्ही आलो की ट्यूब बंद, फक्त एक लाल बल्ब. लाल उजेड उंदरांना दिसत नाही, त्यांच्या लेखी ती रात्रच. आमच्या लेखी ती बदनामी होती. अकाउंट्समधला एक जण मला कॅन्टीनमध्ये भेटला की डोळा मारून विचारायचा, "काय रे, लाल दिव्याच्या खोलीत बाई काय करतात?" बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि अंग चाटून साफ करणाऱ्या उंदरिणीसमोर बसवून ठेवलं. "नीट बघ. आणि वर जाऊन सगळ्यांना सांग."

मग प्रश्न आला खाऊचा. भरल्या पोटीही उंदराला खावंसं वाटेल असं काय आहे, याचा शोध सुरू झाला. सुकं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, खारी, चकलीचा तुकडा, दाट गोड दूध. रोज एकेका पदार्थाची चव घेऊन उंदीर आपलं मत देत आणि बाई ते आदराने ऐकत. खरेदी खात्यातून फोन आला, "मॅडम, हे खोबरं नक्की उंदरांसाठीच ना? स्टाफ खात नाही ना?" बाई म्हणाल्या, "स्टाफला कशाला देईन? स्टाफ कुठे काही शिकतोय?" त्या काळात आमच्या कॅन्टीनचा चहा भांडी विसळलेल्या पाण्याच्या चुलत घराण्यातला होता. परब तो हातात घेऊन खोबरं चघळणाऱ्या उंदरांकडे बघत राहत आणि म्हणत, "देवा म्हाराजा, फुडच्या जल्माक माका बाईंचो उंदीर कर."

खाऊने काम भागलं, पण अर्धंच. पोट भरलेला उंदीर दोन-तीन फेऱ्या हौसेने करी आणि मग मेझच्या मधोमध बसून मिशा साफ करू लागे. बाई लगेच हात वर करत. "थांबा. आज त्याचा मूड नाही."

आमचे मोठे साहेब नेमके अशाच वेळी चक्कर मारायला आले होते. "मॅडम, मूड माझाही नसतो. तरी मी रोज कामावर येतो ना?"

"येता. पण कुणी तपासलं का, की तुमचं डोकं चालतंय?"

साहेब हसले. साहेब हसले की समोरचा माणूस बदलीच्या पुढच्या यादीत जातो हे आम्हाला माहीत होतं. बाईंनाही असावं. पण त्या नळी घेऊन उंदराला न्यायला वळल्या होत्या.

आणि तेव्हाच त्यांना ते दिसलं. नळी समोर येताच मिशा साफ करणारा तो आळशी उंदीर ताडकन उठला आणि धावत आत शिरला. कारण नळी म्हणजे परत आपला पिंजरा. आपलं गवत, आपली भावंडं, आपला कोपरा. दुसऱ्या दिवशी बाईंनी मेझच्या शेवटच्या दाराला खाऊची वाटी लावलीच नाही, त्या उंदराचा स्वतःचा पिंजराच आणून लावला. उंदीर भरल्या पोटी, कुणी न घाबरवता, गल्लीबोळांतून सरळ घरी जायला शिकले. थोडे दिवस गेले आणि ते इतके तरबेज झाले की मला त्यांच्यामागे नजर पळवणं जड जाऊ लागलं.

"बाई, हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"परबांवरून. दिवसभर त्यांना हलवावं लागतं. आणि सुटीचा भोंगा झाला की बघ. गेट सापडायला त्यांना कधी वेळ लागलाय?"

परबांना हा आपला गौरव वाटला. त्यांनी घरी जाऊन सांगितलं की कंपनीने माझ्यावरून शोध लावला.

हे असं सुखात चाललेलं असताना साहेबांनी टॉनिक आणलं. शाळकरी मुलांसाठी, बुद्धी तल्लख करणारं. बाटलीचं चित्र तयार होतं: चष्मा लावलेला एक मुलगा, हातात ट्रॉफी. टीव्हीवरची जाहिरात ठरली होती. मार्चमध्ये परीक्षा, त्याआधी माल दुकानांत पोचायला हवा होता. बाहेरच्या एका प्रयोगशाळेने उपाशी उंदरांवर चाचणी करून दिली होती आणि तीत टॉनिक प्यायलेले उंदीर मेझच्या शेवटी ठेवलेल्या दाण्यांपर्यंत इतरांपेक्षा फार लवकर पोचत होते. आमच्याकडे फक्त एकदा करून घ्यायची होती, रीत म्हणून. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारतात तशी.

बाईंनी अर्ध्या उंदरांना टॉनिक दिलं, अर्ध्यांना नुसतं साखरपाणी, आणि सगळ्यांना पोटभर जेवण. मेझच्या शेवटी ज्याचं त्याचं घर. काही फरक पडला नाही. बाईंनी परत केलं. परत तेच. टॉनिकवाले उंदीर जेवढे हुशार होते तेवढेच राहिले. फक्त त्यांच्या पिंजऱ्यांतले दाणे लवकर संपत होते. परबांची कुरकुर सुरू झाली की या बाजूच्यांना सारखं घालावं लागतं. बाईंनी ती ऐकली, दोन दिवस नुसत्या पिंजऱ्यांसमोर बसून राहिल्या आणि मग साहेबांना निरोप पाठवला.

साहेब विक्रीच्या दोघांना घेऊन आले. लाल उजेडात ते तिघे उगाच अपराध्यासारखे दिसत होते. बाईंनी दोन उंदीर दोन खोक्यांत ठेवले. खोक्यांत गल्ली नाही, बोळ नाही, काही नाही. नुसती समोर दाण्यांची वाटी. टॉनिकवाल्याने वाटीत उडीच घेतली. दुसरा आधी इकडे तिकडे हुंगत बसला.

"यात लक्षात काय ठेवायचं होतं?" बाई म्हणाल्या. "काही नाही. तरी हा पहिला आला. साहेब, तुमचं औषध अक्कल वाढवत नाही, भूक वाढवतं. त्या लोकांनी आधीच उपाशी ठेवलेल्या उंदराला आणखी भूक लावली आणि तो धावला, तर म्हणे हुशार झाला."

"मॅडम, असं एकदम म्हणता येणार नाही," साहेब म्हणाले. "मी स्वतः आठवडाभर घेतोय. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. मला फरक जाणवतो. मेमरी एकदम शार्प."

"हो? माझं नाव काय?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं ते त्यांना मॅडमच म्हणत आले होते. त्यांनी विक्रीवाल्यांकडे पाहिलं, विक्रीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी उंदराकडे पाहिलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पट्टा मात्र एक भोक पुढे गेलाय तुमचा."

अंधारात परबांना ठसका लागला आणि ते बाहेर निघून गेले.

साहेबांचा आवाज आता साखरेतून बाहेर आला. "ठीक आहे. उंदरांना दोन दिवस उपाशी ठेवा आणि परत करा. जगात सगळे करतात. तुम्हालाच काय एवढं सोवळं?"

"उपाशी ठेवून मी त्याला काय विचारणार? तुला भूक लागली का? ते मला माहीत आहे."

"मॅडम, यात कंपनीचा किती पैसा अडकलाय, कल्पना आहे?"

"आणि मार्चमध्ये गोवंडीतली, घाटकोपरच्या डोंगरावरची बाई किराण्यातून वाचवून ही बाटली घेणार, पोरगं पास होईल म्हणून. घरात दाणे बेताचे, आणि तुम्ही त्या पोराची भूक वाढवणार. त्याची कल्पना आहे?"

साहेब पुन्हा हसले.

पुढच्या सोमवारी बाईंची बदली झाली. बढतीवर, असं म्हणाले. वरच्या मजल्यावर, संडासाच्या शेजारी, बाटल्यांची लेबलं आणि खोक्यांवरचा मजकूर तपासायच्या टेबलावर. उंदीर माझ्याकडे आले. बाई रोज जेवणाच्या सुटीत खाली येत, दारात स्वतःला हुंगून घेत आणि पिंजऱ्यांसमोर उभ्या राहत. माझ्याशी बोलत नसत. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण आधी जे बोलत तेही काही कौतुकाचं नसे.

पण साहेबांच्या हुशारीत एक बारीकसं भोक राहिलं होतं. खोक्यावरच्या मजकुरावर तज्ज्ञ माणसाची सही लागे आणि तो तज्ज्ञ म्हणून त्यांनी बाईंनाच तिथे बसवून ठेवलं होतं. टॉनिकचा खोका टेबलावर आला. बाईंनी "बुद्धी वाढवते" वर तांबडी पेन्सिल फिरवली आणि वर लिहिलं, "भूक वाढवते." खोका परत गेला, परत आला. बाईंनी परत तेच केलं. फेब्रुवारी उजाडला. बाटल्या भरून तयार, खोके नाहीत. दुसऱ्या कुणाची सही चालवायची तर परवान्याचे कागद बदलायला हवे होते, त्याला मार्च उलटला असता. शेवटी साहेब स्वतः जिना चढून संडासाशेजारी आले.

"मॅडम, काय लिहायचं ते तुम्हीच लिहा."

"लिहिलंय. नुसतं छापायचंय."

ट्रॉफीच्या जागी मुलाच्या हातात चमचा आला आणि टॉनिक भूक वाढवणारं म्हणून बाजारात गेलं. आम्हाला वाटलं, आता वाट लागली. तर ते तुफान खपलं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत, ज्यांची मुलं ताटावर बसून रडत होती अशा सगळ्या आया ते घेऊ लागल्या. गोवंडीत कुणी घेतलं नाही, तिथे भूक विकत घ्यावी लागत नाही. साहेबांना दूरदृष्टीबद्दल चांदीची फ्रेम मिळाली. बाईंना कुणी काही दिलं नाही. परत खालीही पाठवलं नाही.

उलट टॉनिक इतकं खपायला लागलं की माल ठेवायला जागा पुरेना. बॉयलरशेजारची बैठी इमारत गोडाऊनला हवी होती. चाचण्या काय, बाहेरूनही होतात. उंदरांची विल्हेवाट लावा, असा हुकूम माझ्याकडे आला.

मी वर गेलो आणि बाईंना सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस त्यांनी ओळखीच्या सगळ्या कॉलेजांना फोन लावले. कॉलेजं घ्यायला तयार होती. कशासाठी, तर फाडून शिकवायला, हे ऐकल्यावर बाई फोन ठेवून देत.

परब म्हणाले, "बाई, पाठीमागच्या डोंगरार सोडून येतंय. जगतीत बिचारी."

"पांढरे आहेत परब. संध्याकाळपर्यंत घारी संपवतील. आणि उरले त्यांचं काय? भूक म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ईथर आहे ना? मी करते."

"बाई, मी करीन."

"तू घाई करशील."

ठरल्या दिवशी सकाळीच त्या खाली आल्या. आधी सगळ्या पिंजऱ्यांत खोबरं, शेंगदाणे, जे ज्याला आवडतं ते घातलं. कोणत्या पिंजऱ्याला काय, हे त्यांना विचारावं लागलं नाही. मग एकेकापुढे हात धरला. कुणालाही ओढून काढावं लागलं नाही. ते आपल्या पायांनी हातावर चढत होते, मनगटापर्यंत येऊन हुंगत होते. बाई प्रत्येकाला थोडा वेळ तसंच राहू देत आणि मग ईथरच्या बरणीकडे नेत. परब दाराशी पाठ करून उभे होते. मी बरणीचं झाकण धरलं होतं. दुपार झाली तेव्हा सगळं संपलं होतं.

बाईंनी हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि वर निघाल्या. मी मागोमाग गेलो. जिन्यात साहेब भेटले. त्यांना कळलं होतं.

"मॅडम, तुम्ही स्वतः कशाला त्रास घेतलात? माणसं आहेत ना."

"माणसं त्यांना नवीन पडली असती," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या बाजूने पुढे गेल्या.

टेबलावर खोकल्याच्या एका औषधाचं लेबल पडलं होतं. बाई बसल्या, चष्मा पुसला, पेन्सिल उचलली. मी तिथेच घुटमळत होतो.

"काय बघतोस?"

"काही नाही, बाई."

"जेवलास?"

"नाही."

"मग जा, जेवून घे आधी. उपाशी माणूस माझ्या काही कामाचा नाही."

मी गेलो आणि कॅन्टीनमध्ये समोर आलं ते गिळलं. परत आलो तेव्हा बाई अजून त्याच लेबलावर होत्या. डबा शेजारी तसाच होता, रुमालाची गाठही न सोडलेला. सोमवार नव्हता.